पाषाणखोऱ्यांतील एक गांव

फ्रान्स देशाचें नांव घेतलें कीं, पॅरिस शहर, राजवाडे, तोफा आणि राज्यक्रांति एवढेंच बहुतेकांच्या मनांत येतें. आजच्या पाठांत त्या देशाच्या पूर्व टोंकास असलेल्या एका खेड्याची ओळख करून घ्यावयाची आहे. तें इतकें लहान आहे कीं, शाळेच्या नकाशांत त्याचा ठिपकाहि सांपडत नाहीं. त्याचें नांव वाल्डर्सबाख. आज तेथें दोनशेंहूनहि कमी माणसें राहतात. उपदेशक बंधूंस हा पाठ सायंकाळच्या वर्गांत वाचून दाखवावयाचा असेल तर त्यांनीं युरोपचा नकाशा भिंतीस लावावा, ऱ्हाइन नदी शोधून तिच्या डाव्या तीरावरील स्ट्रासबुर्ग शहरावर बोट ठेवावें, आणि तेथून तें बोट नैर्ऋत्येकडील डोंगरांत थोडेसें सरकवावें. शहरापासून सुमारें पंचावन्न किलोमीटरांवर, व्होज पर्वताच्या कुशींत, हें गांव आहे.

या मुलखास फ्रेंच भाषेंत बां-द-ला-रोश म्हणतात. ‘रोश’ म्हणजे खडक. बेलफॉस गांवाच्या वर एका सुळक्यावर पूर्वीं एक गढी होती. तेथील सरदार वाटसरूंस लुटीत, म्हणून १४६९ सालीं शेजारच्या सत्ताधाऱ्यांनीं एकत्र होऊन ती पाडिली. गढी गेली, नांव मात्र राहिलें. जर्मन लोक याच खोऱ्यास श्टाइनटाल, म्हणजे पाषाणाचें खोरें, म्हणतात. आणि ज्यानें तेथें नांगर धरिला असेल त्यास हेंच नांव अधिक खरें वाटेल. वाल्डर्सबाख, फूदे, बेलमाँ, बेलफॉस आणि सोलबाख या पांच गांवांची मिळून एक मंडळी होती. डोक्यावर सुमारें अकराशें मीटर उंचीचा शां-द्यु-फ नांवाचा डोंगर, पायथ्याशीं ब्रूश नदी, आणि मध्यें उतरणीवर चिकटलेलीं घरें, असें त्या मुलखाचें रूप आहे.

हे लोक प्रॉटेस्टंट कसे झाले, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. १५८४ सालीं हें खोरें फेल्डेन्झ घराण्यांतील एका राजपुत्रानें विकत घेतलें. तो ल्यूथरच्या मताचा होता, आणि त्या काळीं राज्यकर्त्याचा जो पंथ तोच प्रजेचा असा दंडक होता. कुणब्यांस कोणीं विचारिलें नाहीं. पुढें १६१८ ते १६४८ या तीस वर्षांच्या युद्धांत लूट, दुष्काळ व रोगराई यांनीं खोरें जवळजवळ ओस पडलें, आणि स्वित्झर्लंड वगैरे देशांतून आलेल्या कुटुंबांनीं तें पुन्हां भरलें. ज्या तहानें तें युद्ध संपलें त्या तहानें आल्सास प्रांतांतील बराच मुलूख फ्रान्सच्या राजाकडे गेला. परंतु तेथील ल्यूथरपंथी मंडळ्यांचे हक्क त्याच तहांत राखून ठेविलेले होते. या एका कलमाचें महत्त्व मोठें आहे. १६८५ सालीं चौदाव्या लुई राजानें फ्रान्समधील प्रॉटेस्टंट लोकांचे सर्व हक्क काढून घेतले, त्यांचीं देवळें पाडिलीं, पाळकांस देशाबाहेर घालविलें, आणि पुढें सुमारें शंभर वर्षें ते लोक रानांत, गुहांत लपून भजन करीत राहिले. वाल्डर्सबाखची घंटा मात्र त्या सर्व काळांत उघडपणें वाजत होती.

घंटा वाजत होती खरी, परंतु पोट भरत नव्हतें. अठराव्या शतकाच्या मध्यास या गांवांतील दिवस कसा जात असे तो पाहूं. घर दगडाचें, बहुधा गवतानें शाकारलेलें. एकाच छपराखालीं एका अंगास माणसें, दुसऱ्या अंगास गाय, आणि माळ्यावर वाळलेलें गवत. हिवाळा सहा-सात महिन्यांचा. बर्फ पडलें कीं शेजारच्या गांवीं जाणेंहि कठीण. घरांत एकच खोली ऊबदार असे. तिच्यांत मातीची किंवा लोखंडाची मोठी शेगडी असून त्या शेगडीचेंच नांव, ‘प्वाल’, त्या खोलीस पडलें होतें. सर्व कुटुंब, म्हातारींकोतारीं आणि रांगतीं मुलें, त्या एका खोलींत हिवाळा काढीत. या खोलीचें स्मरण वाचकांनीं ठेवावें. तिचें काम पुढें आहे.

जमीन पातळ, खालीं दगड. राय नांवाचें गव्हाहून हलकें धान्य, थोडे ओट, कोबी आणि बटाटे एवढीच पिकें. टंचाईच्या वर्षीं रानसफरचंदें व कंदमुळें खाऊन दिवस काढावे लागत. पायांत लांकडी खडावांसारखे जोडे. नदीवर पूल नाहीं. ब्रूशला पाणी आलें कीं पलीकडचा बाजार बंद. वर जमिनीच्या धन्याचा सारा, वेठ आणि जंगलाची बंदी. बोलणें अशा एका बोलींत, जी स्ट्रासबुर्गच्या जर्मनांस कळत नसे आणि पॅरिसच्या फ्रेंचांसहि कळत नसे.

१७५० सालीं श्टूबर नांवाचे तरुण पाळक तेथें आले. त्यांनीं प्रथम शाळा पाहूं म्हटलें. एका झोंपडींत पुष्कळ मुलें गलका करीत होतीं आणि कोपऱ्यांत खाटेवर एक जख्खड म्हातारा पडला होता. तोच शिक्षक. तुम्ही मुलांस काय शिकवितां, असें विचारतां त्यानें शांतपणें सांगितलें कीं, कांहीं नाहीं, कारण मला स्वतःलाच कांहीं येत नाहीं. मग नेमणूक कशी झाली? तो गांवचीं डुकरें राखीत असे. तें काम होईना तेव्हां पंचांनीं त्यास मुलें राखावयास दिलीं. ही गोष्ट त्या खोऱ्यांत अनेक पिढ्या सांगत आले आहेत. ऐकतांना हंसूं येतें, परंतु त्या पंचांस दोष देण्याआधीं आपण आपल्या मनास विचारावें कीं, गांवांतील सर्वांत हुशार मुलास शिक्षक करावें असें आपल्यांतील किती बापांस वाटतें.

श्टूबर यांस हीच अडचण आली. शिक्षक हा शब्दच इतका हलका झाला होता कीं, कोणीहि बाप आपला मुलगा त्या कामास देईना. तेव्हां त्यांनीं नांव बदललें. शिक्षक नकोत, आम्हांस ‘रेजां’, म्हणजे कारभारी, पाहिजेत, असें म्हणतांच मुलगे मिळाले. त्यांनीं वर्णाक्षरांचे आणि जोडाक्षरांचे तक्ते छापविले, तेव्हां त्या अर्थहीन अक्षरांत कांहीं जादूटोणा असावा अशी शंका कित्येकांस आली. पण थोड्याच महिन्यांत लहान मुलें भरभर वाचूं लागलीं, आणि मग मोठीं माणसें लाजत लाजत रात्रीं शिकावयास येऊं लागलीं. पवित्र शास्त्राच्या प्रती फार थोड्या. श्टूबर यांनीं स्वित्झर्लंडांतील बाझेल शहराहून पन्नास फ्रेंच बायबलें आणविलीं, प्रत्येकाचे तीन भाग करून निरनिराळे बांधविले, आणि एकाऐवजीं तीन घरांत वाचन होईल अशी सोय केली. त्यांची तरुण पत्नी त्या थंडींत त्याच गांवीं वारली. पुढें १७६७ सालीं त्यांस स्ट्रासबुर्गच्या एका मंडळीचें बोलावणें आलें, आणि आपल्या जागीं माणूस शोधणें प्राप्त झालें.

त्यांस जो माणूस सांपडला त्याचें नांव झां फ्रेडरिक ओबरलिन. वय सव्वीस वर्षें. स्ट्रासबुर्गच्या एका शिक्षकाचा मुलगा. सैन्यांतील पाळकाची जागा पत्करण्याच्या बेतांत होता. श्टूबर भेटावयास गेले तेव्हां ते माळ्यावरच्या खोलींत दांतदुखीनें अंथरुणावर पडले होते, आणि टेबलावरील दिव्यावर एक इवलेसें लोखंडी भांडें टांगलेलें होतें. हें काय, असें विचारतां कळलें कीं तोच त्यांचा स्वयंपाक; भांड्यांत पाणी, मीठ व पावाचा तुकडा घालावा, अभ्यास करीत राहावें, आणि रात्रीं तें शिजलें म्हणजे खावें. श्टूबर यांनीं तेथल्या तेथें ठरविलें कीं, आमच्या खोऱ्यास असाच मनुष्य पाहिजे. ओबरलिन १७६७ च्या मार्च महिन्यांत वाल्डर्सबाखला आले आणि १८२६ च्या जूनच्या पहिल्या तारखेस वारले. म्हणजे एकोणसाठ वर्षें ते एकाच गांवीं राहिले.

आरंभीं गांवकऱ्यांस हा नवा पाळक आवडला नाहीं. कांहींनीं त्यास वाटेंत गांठून झोडपण्याचा बेत केला. त्यांस तो कळला. त्या दिवशीं त्यांनीं अन्याय सोसण्याविषयीं उपदेश केला, आणि उपासनेनंतर ज्या घरांत तीं माणसें जमलीं होतीं तेथें स्वतःच जाऊन, तुम्हांस वाटेंत थांबावयाचे श्रम नकोत म्हणून मी आलों आहें, असें सांगितलें. बेत तेथेंच संपला.

मग रस्त्याचें काम निघालें. गांव आणि स्ट्रासबुर्गची वाट यांच्यामध्यें खडक आणि नदी. मालास बाजार नाहीं, म्हणून माल पिकवावयाचा नाहीं. माल नाहीं म्हणून पैसा नाहीं. पैसा नाहीं म्हणून अवजारें नाहींत. ओबरलिन यांनीं सभा भरवून सांगितलें कीं, आपण खडक फोडून रस्ता करूं आणि ब्रूशवर पूल बांधूं. सर्वांनीं हें अशक्य ठरविलें. प्रत्येकाजवळ कारण तयार होतें. तेव्हां त्यांनीं कुदळ खांद्यावर टाकिली, आपल्या घरच्या गड्यास बरोबर घेतलें, आणि सर्वांत अवघड जागीं जाऊन स्वतः खणूं लागले. एक आला, दोन आले, शेवटीं इतके आले कीं कुदळी कमी पडल्या, आणि स्ट्रासबुर्गच्या मित्रांकडून त्या मागवाव्या लागल्या. सुरुंग लावून खडक उडविले, माती घसरूं नये म्हणून ताली बांधिल्या, नदीवर पूल झाला. त्या पुलास लोक प्रीतीचा पूल म्हणूं लागले. नंतर पाळकाच्या घरीं अवजारांचें दुकान निघालें: मूळ किंमतीस अवजार घ्यावें, पैसे हप्त्यानें फेडावे. हुशार मुलांस सुतारकी, गवंडीकाम, लोहारकी शिकण्यास शहरीं धाडिलें, आणि एका स्त्रीस सुइणीचें काम शिकविलें.

शेतीच्या कामांत त्यांनीं एक युक्ति केली, ती ध्यानांत धरण्याजोगी आहे. शहरांतून आलेल्या पुस्तकी माणसानें नांगरटीविषयीं उपदेश केला तर कुणबी हंसतो, हें ते ओळखून होते. पाळकाच्या घरची जमीन दोन पायवाटांच्या कडेस होती, आणि ती अगदीं नापीक म्हणून प्रसिद्ध होती. तेथें त्यांनीं चर खणले, खत भरलें आणि फळझाडांचीं रोपें लाविलीं. कोणास एक शब्दहि सांगितला नाहीं. तीन-चार वर्षांनीं येणारे-जाणारे थबकूं लागले. मग एकानें विचारिलें कीं या खडकांत सफरचंद कसें धरलें. तेव्हां कलम बांधण्याचे धडे सुरू झाले. पुढें असा नियमच झाला कीं, जो मुलगा अथवा मुलगी दृढीकरणास येईल त्यानें दोन झाडें लावल्याचा दाखला आणावा.

बटाटा या खोऱ्यांत ओबरलिन यांच्या आधींच आला होता. परंतु तेंच तें बेणें वर्षानुवर्षें लाविल्यामुळें वाण बिघडून उत्पन्न फार घटलें होतें. याचें खरें कारण आज आपणांस ठाऊक आहे: विषाणूंचे रोग बेण्यांतून पुढच्या पिकांत उतरतात आणि दरसाल वाढत जातात. त्या काळीं हें कोणास ठाऊक नव्हतें. तरी त्यांनीं बाहेरून नवें निरोगी बेणें आणविलें आणि पीक सांवरलें. तागासारख्या जवसाच्या धाग्याकरितां बाल्टिक समुद्रकांठच्या रीगा शहराकडील बीं आणविलें. जनावरांस क्लोव्हर नांवाचा चारा पेरिला. तो कडधान्याच्या जातीचा असल्यामुळें जमिनीचाहि कस वाढला. गुरें मोकाट सोडण्याऐवजीं गोठ्यांत बांधून चारावीं, म्हणजे शेण वायां जात नाहीं, हेंहि शिकविलें. पालापाचोळा, लोंकरीच्या चिंध्या, जुन्या जोड्यांचे तुकडे, कांहींएक फेंकावयाचें नाहीं. मुलांनीं गोळा करून आणावें आणि त्याबद्दल पैसे घ्यावे. १८१८ सालीं पॅरिसच्या राजकीय कृषिसंस्थेनें या कामाबद्दल त्यांस सुवर्णपदक दिलें.

येथवर वाचून कोणास वाटेल कीं, एका मोठ्या मनुष्यानें एक गांव तारिलें. ओबरलिन यांचीं बहुतेक चरित्रें अशाच रीतीनें लिहिलेलीं आहेत, आणि माझ्या मतें त्यांत गांवावर थोडा अन्याय झाला आहे. कारण ज्या गोष्टीमुळें हें खोरें जगांत प्रसिद्ध झालें ती गोष्ट पाळकाच्या घरीं सुरू झाली नव्हती. ती बेलमाँ गांवच्या सारा बँझे नांवाच्या एका कुणब्याच्या मुलीनें सुरू केली.

आईबाप शेतावर गेले म्हणजे लहान मुलें दिवसभर उघड्यावर भटकत, आगीजवळ व पाण्याजवळ जात. सारा आपल्या घरच्या त्या ऊबदार शेगडीच्या खोलींत शेजारचीं मुलें जमवून त्यांस सुयांवर विणणें शिकवीत असे. विणकाम त्या खोऱ्यांत तेव्हां फारसें कोणास येत नव्हतें. हें ओबरलिन यांच्या कानीं आलें. त्यांनीं व त्यांच्या पत्नी मादलेन सालोमे यांनीं तिला वेतन देऊन तेंच काम नियमित चालविण्यास सांगितलें. हें १७७० च्या सुमारास झालें. विणण्याची शेगडी असेंच त्या शाळांचें नांव पडलें, आणि एकामागून एक त्या सर्व गांवांत निघाल्या. शिकविणाऱ्या मुलींस ‘कोंदुक्त्रिस’, म्हणजे हात धरून नेणारी, म्हणत. रॉबर्ट ओवेन यांनीं स्कॉटलंडांत बालशाळा काढिली ती १८१६ सालीं, आणि फ्रेबेल यांचा बालोद्यान त्याहूनहि पुढचा. म्हणजे पाषाणखोऱ्यांतील शेगडी या सर्वांच्या आधींची आहे.

या शाळेंत काय चाले? थोरलीं मुलें कांतीत, मधलीं विणीत, अगदीं लहान खेळत. हात चालू असतां कोंदुक्त्रिस शास्त्रांतील गोष्टी चित्रें दाखवून सांगे, गीतें म्हणवून घेई. रानांतील पाला-फूल आणून त्याचें नांव, खाण्याचें कोणतें आणि विषारी कोणतें, हें ओळखावयास लावी. उन्हाळ्यांत सर्वांस घेऊन डोंगरावर जाई. भूगोल शिकविण्याची रीत मला विशेष आवडली: प्रथम आपल्या घराचा नकाशा, मग गांवाचा, मग खोऱ्याचा, मग प्रांताचा, आणि मग फ्रान्सचा. आमच्यापैकीं पुष्कळ जण शाळेंत दूरदूरच्या राजधान्यांचीं नांवें घोकून आलों, परंतु आपल्या ओढ्याचें पाणी कोणत्या नदीस मिळतें हें सांगतां येत नव्हतें.

सारा बँझे १७७४ सालीं, तिशीच्या आंतच वारली. तिच्यामागून ज्या मुली या कामांत आल्या त्यांत बेलफॉसची लुईझ शेप्लर ही प्रसिद्ध आहे. ती पंधराव्या वर्षीं पाळकाच्या घरीं मोलकरीण म्हणून आली. लवकरच बर्फ तुडवीत गांवोगांवच्या शाळा ती चालवूं लागली. १७८३ सालीं पाळकाची पत्नी लहान लहान मुलें मागें ठेवून वारली, तेव्हां घराचा सर्व भार लुईझवर आला. कांहीं वर्षांनीं तिनें पत्र लिहून विनंति केली कीं, यापुढें मला पगार देऊं नये, घरची मुलगी समजावें. ओबरलिन वारल्यावर त्यांच्या मुलांनीं तिला वांटा देऊं केला, तो तिनें नाकारिला. आपल्या नांवापुढें ओबरलिन हें नांव लावण्याची परवानगी तेवढी मागितली. १८२९ सालीं फ्रेंच अकादमीनें सद्गुणाबद्दलचें मोंतियों बक्षीस या कुणब्याच्या मुलीस दिलें, आणि प्रसिद्ध प्राणिशास्त्रवेत्ते क्युव्हिए यांनीं तिची हकीगत त्या विद्वानांच्या सभेंत सांगितली. ती १८३७ पर्यंत जगली.

आतां एक कठीण प्रश्न. या शाळांत गांवची बोली चालत नसे. मुलांनीं शुद्ध फ्रेंच बोलावें असा ओबरलिन यांचा कटाक्ष होता, आणि त्याचें कारणहि खरें होतें: ज्या बोलींत पुस्तक नाहीं, जी पुलापलीकडे कोणास समजत नाहीं, तीवरच थांबलें तर कुणबी कायमचा फसविला जाईल, कारण सावकाराचा कागद आणि न्यायाधीशाचा हुकूम फ्रेंचमध्यें असे. १७९४ सालीं राज्यक्रांतीच्या सरकारनें फ्रेंच भाषेच्या प्रसाराबद्दल त्यांची प्रशंसा केली. परंतु त्यांचे वडील बंधु झेरेमी जाक ओबरलिन हे स्ट्रासबुर्ग येथें विद्वान प्राध्यापक होते. त्यांनीं १७७५ सालीं याच खोऱ्याच्या बोलीवर एक ग्रंथ छापिला. तिचे शब्द गोळा केले, तिचें व्याकरण तपासलें. म्हणजे ज्या वर्षांत धाकटा भाऊ ती बोली मुलांच्या तोंडांतून काढीत होता, त्याच वर्षांत थोरला ती कागदावर जतन करीत होता. दोघे भाऊ एकमेकांवर प्रेम करीत. कोणाचें अधिक बरोबर, हें वाचकांनीं आपसांत बोलावें. मला दोघांचेंहि पटतें, आणि म्हणून वाईट वाटतें.

ओबरलिन यांच्या सर्वच गोष्टी अनुकरणीय होत्या असेंहि नाहीं. मृत पत्नी आपणांस नऊ वर्षें भेटत होती असें ते सांगत. स्वर्गांतील निरनिराळ्या स्थानांचा त्यांनीं नकाशा काढून देवळांत लाविला होता. चेहऱ्याच्या रेषांवरून स्वभाव ओळखतां येतो असें मानून ते लोकांच्या सावल्या कागदावर कापून ठेवीत. आपल्या मंडळींतील प्रत्येकाच्या वागणुकीची टिपणी त्यांच्या वहींत असे. कित्येकांस ती जाचक वाटली असेल. जो मनुष्य पूल बांधतो त्याचें प्रत्येक मत मान्य केलेंच पाहिजे असें नाहीं.

राज्यक्रांतीचीं वर्षें गांवास जड गेलीं. १७८९ सालीं वेठ व सरंजामी देणीं गेलीं, तेव्हां आनंद झाला. पुढें १७९३ सालीं ओबरलिन यांचा थोरला मुलगा सैन्यांत पडला, आणि देवळांतील उपासना बंद करण्याचे हुकूम आले. देवळांच्या जागीं क्लब काढावा, त्याचा एक वक्ता नेमावा, आणि त्यानें जुलमी राजांविरुद्ध भाषणें करावीं असें ठरलें. गांवकऱ्यांनीं क्लब काढिला आणि ओबरलिन यांसच वक्ता नेमिलें. जुलमी राजे आमच्या खोऱ्यांत कोणी नाहींत. तेव्हां आपल्या अंतःकरणांत जे जुलमी आहेत त्यांच्याविषयीं बोलूं या, असें म्हणून सभा पूर्वींप्रमाणें चालू राहिली, अशी आठवण सांगतात. १७९४ सालीं त्यांस धरून सेलेस्ताच्या गांवीं नेलें, परंतु रोबेस्पिएरची सत्ता त्याच सुमारास उलथल्यामुळें ते सुटून परत आले.

सर्वांत लांबलें तें जंगलाचें भांडण. रोथाऊ येथें लोखंडाच्या भट्ट्या होत्या आणि भट्टीस कोळसा पाहिजे. म्हणून जंगल हें धन्याच्या उत्पन्नाचें मूळ. गांवकऱ्यांस सरपण, घराचें लांकूड आणि गुरांची चराई त्याच जंगलांत. १७७१ सालीं हा मुलूख लोखंडाचे कारखानदार द दीत्रिश यांच्याकडे आला; परंतु खटला त्याहूनहि जुना होता. धनी बदलले, राजा गेला, प्रजासत्ताक आलें, बादशाही आली, तरी खटला संपेना. वकिलांचीं घरें मात्र भरलीं. ओबरलिन यांनीं गांवांस तडजोडीस तयार केलें. १८१३ सालीं जिल्ह्याचे प्रीफेक्ट लेझे-मार्नेझिया यांच्या मध्यस्थीनें करार झाला. गांवांनीं कांहीं सोडलें आणि कांहीं कायमचें मिळविलें. ज्या लेखणीनें सह्या झाल्या ती लेखणी म्हाताऱ्या पाळकास अभ्यासाच्या खोलींत टांगण्याकरितां देण्यांत आली.

घरोघर सूत कांतून गांवास चार पैसे मिळूं लागले होते. तोंच यंत्रें आलीं. सभोंवतालच्या कारखान्यांत यंत्रावर सूत निघूं लागतांच हातसुताचा भाव पडला, आणि ज्या चरख्यांनीं घरें चालत होतीं ते कोपऱ्यांत गेले. हा घाव गांवकऱ्यांच्या आळसामुळें बसला नव्हता, आणि उपदेशानें भरून येण्याजोगाहि नव्हता. याच वेळीं, १८१३ च्या सुमारास, बाझेलचे झां-ल्यूक लेग्रां हे रेशमी फितींचा धंदा घेऊन फूदे येथें येऊन राहिले. त्यांनीं एक गोष्ट निराळी केली. माणसांस कारखान्यांत कोंडण्याऐवजीं माग घरोघर दिले, म्हणजे मुलें आईबापांजवळ राहिलीं आणि शेतहि सुटलें नाहीं. त्यांचे चिरंजीव दानिएल लेग्रां यांनीं कारखान्यांत राबणाऱ्या लहान मुलांकरितां उभें आयुष्य खर्चिलें. फ्रान्समध्यें १८४१ सालीं बालमजुरीस आळा घालणारा कायदा झाला, तरी त्यांचें समाधान झालें नाहीं. एका देशानें मुलांचे तास कमी केले तर दुसरा देश स्वस्त माल विकून त्यास बुडवील. म्हणून सर्व देशांनीं मिळून एकच कायदा करावा, असें ते युरोपच्या सरकारांस वारंवार लिहीत राहिले. ते १८५९ सालीं वारले. १९१९ सालीं आंतरराष्ट्रीय मजूर संघटना स्थापन झाली, तिच्या पूर्वसूरींत त्यांचें नांव घेतात. पाषाणखोऱ्यांतील एका फितीच्या मागापासून हा विचार तेथवर गेला.

तरी सुबत्ता पक्की झाली असें समजूं नये. १८१५ सालीं जावा बेटाच्या पूर्वेस तांबोरा ज्वालामुखी फुटला; त्याच्या राखेनें सूर्य मंदावला, आणि १८१६ सालीं युरोपांत उन्हाळाच पडला नाहीं. त्यामागून आलेल्या टंचाईंत या डोंगरी गांवांनींहि पुष्कळ हाल सोसले.

ओबरलिन यांस फूदेच्या देवळाजवळ पुरलें. गांवकरी त्यांस पापा म्हणत, आणि थडग्यावरील लोखंडी क्रुसावर तेंच नांव आहे. अमेरिकेंतील ओहायो प्रांतांत १८३३ सालीं एक गांव व एक विद्यालय स्थापिलें, त्यांस त्यांचें नांव दिलें आहे.

त्यानंतर या खोऱ्याचा धनी चार वेळां बदलला. १८७१ सालीं तें जर्मनीकडे गेलें, १९१८ सालीं फ्रान्सकडे आलें, १९४० सालीं पुन्हां जर्मनांनीं घेतलें, आणि १९४४ च्या शेवटीं मुक्त झालें. त्या शेवटच्या युद्धांत, वाल्डर्सबाखपासून थोड्याच अंतरावर, नात्स्वायलर-श्ट्रुटहोफ येथें १९४१ सालीं नाझींनीं छळछावणी उभारिली. तेथील तांबूस ग्रॅनाइट दगड त्यांस पाहिजे होता. कैद्यांस रोथाऊच्या स्टेशनावर उतरवून डोंगर चढवीत नेत.

आज वाल्डर्सबाखचें जुनें पाळकगृह हें संग्रहालय झालें आहे. आंत वाळविलेल्या वनस्पतींचे कागद, दगडांचे नमुने, मुलांचीं खेळणीं, नकाशे आणि कागदावर कापलेल्या सावल्या ठेविल्या आहेत. लहान मुलें शाळेंतून तेथें येतात, आणि खण उघडून वस्तु हातांत घेतात. येणारीं मुलें फ्रेंच बोलतात. शेगडीच्या खोलींत सारा बँझे आपल्या घरीं जी बोली बोलत असे, ती त्या खोऱ्यांत जवळजवळ कोणाच्याच तोंडीं उरलेली नाहीं. ती पाहावयाची असल्यास थोरल्या भावाचा तो १७७५ सालचा ग्रंथ उघडावा लागतो.